हेलिकॉप्टर उडवायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून सिकोर्स्कींनी मशीनलाच दावं बांधलं

हेलिकॉप्टर शिकायला आलेल्या माणसाला सगळ्यात अवघड काय जातं, माहितीये? वेगात उडणं नाही आणि उंच जाणंही नाही. सगळ्यात अवघड असतं ते जमिनीपासून चार-पाच फुटांवर एका जागी गप थांबणं. याला हॉवर म्हणतात.

हेलिकॉप्टर आपणहून स्थिर राहत नाही. पायलटच्या डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की डोक्यावरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि मशीन उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक असतो, त्याने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जाता येतं. पायाखाली दोन पेडल असतात, शेपटीवरच्या छोट्या रोटरसाठी. त्याने नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते ठरतं. अडचण अशी की यातलं एक हलवलं की बाकीची दोन्ही लगेच सांभाळावी लागतात. नवखा माणूस आधी उशीर करतो, मग घाबरून जरा जास्तच हलवतो, आणि मशीन पाळण्यासारखं झोके घ्यायला लागतं.

म्हणून शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. त्याच्या हाताशीही तीच कंट्रोल्स असतात. विद्यार्थ्याचा हात चुकला तर सावरायला दुसरा हात तयार असतो.

पण आज जगात सगळ्यात जास्त दिसणारी हेलिकॉप्टरची जी जात आहे, म्हणजे डोक्यावर एक मोठा रोटर आणि शेपटीवर एक छोटा, ती पहिल्यांदा यशस्वी करून उडवणाऱ्या माणसाच्या शेजारी कुणीच नव्हतं. शेजारी सीटच नव्हती. त्या माणसाचं नाव इगोर सिकोर्स्की. आणि पन्नाशीत पोहोचलेल्या या माणसाने शिक्षकाची जागा भरून काढायला चक्क दोर वापरले होते.

त्याआधी त्यांनी बरंच काही भोगलं होतं. ते कळलं की त्या दोरांचा अर्थ कळतो.

स्वतःच मास्तर, स्वतःच विद्यार्थी

इगोर सिकोर्स्कींचा जन्म २५ मे १८८९ चा, कीव्ह शहरातला. तेव्हा कीव्ह रशियन साम्राज्यात होतं. वडील इव्हान सिकोर्स्की मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. आईचं शिक्षण वैद्यकीचं. लिओनार्दो दा विंचीने काढलेल्या उडत्या यंत्रांच्या चित्रांबद्दल पोराला पहिल्यांदा सांगितलं ते आईनेच. ते डोक्यात इतकं बसलं की बाराव्या वर्षाच्या आसपास इगोरने रबराच्या ताकदीवर उडणारं हेलिकॉप्टरचं छोटं मॉडेल बनवलं.

पुढे सेंट पीटर्सबर्गच्या नौदल अकादमीत तीन वर्षं काढली, पण मन रमेना. इंजिनिअरिंग करायचं म्हणून ते बाहेर पडले आणि कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. १९०८ साली वडिलांबरोबर जर्मनीला गेलेले असताना राइट बंधूंच्या विमानाबद्दल कळलं, आणि विषय तिथेच पक्का झाला.

१९०९ मध्ये ते पॅरिसला गेले आणि २५ हॉर्सपॉवरचं अँझानी इंजिन घेऊन परतले. त्या इंजिनावर पहिलं हेलिकॉप्टर बांधलं. ते जमिनीवरून हललंच नाही. दुसरं बांधलं. त्याने स्वतःचं वजन कसंबसं उचललं, पण त्यात माणूस बसला असता तर ते उठलं नसतं. इंजिनात दम नव्हता आणि माहितीही अपुरी होती. हेलिकॉप्टरची वेळ अजून आलेली नाही हे ओळखून सिकोर्स्की विमानांकडे वळले.

जून १९१० मध्ये त्यांचं एस-२ हे विमान उडालं. पहिलं उड्डाण काही सेकंदांचं. कीव्हमध्ये त्यांना उडवायला शिकवेल असं कुणी नव्हतं. स्वतः बांधायचं, स्वतः बसायचं, स्वतः पडायचं आणि पडल्यावर काय चुकलं ते स्वतःच शोधायचं. थोड्याच दिवसांत एस-२ कोसळून मोडलं. तोपर्यंत त्यांचा हवेतला एकूण अनुभव मिनिटांत मोजावा इतकाच होता. जीव वाचला, तो नशिबाने.

१९११ मध्ये एस-५ या विमानावर त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. रशियाच्या एरो क्लबने दिलेलं ते ६४ नंबरचं लायसन्स होतं. पण लायसन्स मिळालं म्हणून धोके संपत नाहीत. एका प्रात्यक्षिकात एस-५ चं इंजिन हवेतच बंद पडलं. समोर भिंत होती. ती चुकवत सिकोर्स्कींनी विमान कसंबसं खाली आदळवलं. नंतर उघडून पाहिलं तर पेट्रोलमधून आलेला एक डास कार्ब्युरेटरमध्ये अडकला होता.

एका डासामुळे माणूस मरू शकतो, हे त्यांनी लक्षात ठेवलं. एक इंजिन बंद पडलं तरी विमान उडत राहिलं पाहिजे, या विचारातून १९१३ साली त्यांनी चार इंजिनांचं विमान उडवून दाखवलं. त्याच धर्तीवरचं इल्या मुरोमेत्स पहिल्या महायुद्धात रशियाचं बॉम्बफेकी विमान म्हणून वापरलं गेलं. पंचविशीतच सिकोर्स्कींचं नाव झालं होतं.

नाही म्हणायला हवं होतं, तेव्हा

मग रशियात क्रांती झाली आणि सगळं पालटलं. १९१८ मध्ये सिकोर्स्कींनी देश सोडला. फ्रान्समार्गे १९१९ च्या मार्चमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. खिशात फारसं काही नव्हतं आणि इंग्रजी जेमतेम. काही काळ रशियातून आलेल्या निर्वासितांना गणित वगैरे शिकवून पोट भरलं.

१९२३ मध्ये लाँग आयलंडवर एका ओळखीच्या माणसाच्या कोंबड्यांच्या फार्मवर त्यांनी कंपनी सुरू केली. कामगार बहुतेक रशियनच. पैसे नव्हते म्हणून भंगारातलं सामान आणून विमान बांधणं चाललं होतं. प्रसिद्ध संगीतकार सर्गेई रखमानिनोव्ह यांनी ५,००० डॉलर्सचे शेअर्स घेतले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

या विमानाचं नाव एस-२९-ए. मे १९२४ मध्ये त्याचं पहिलं उड्डाण ठरलं. पायलट अर्थात सिकोर्स्की. पण विमान बांधण्यासाठी महिनोन्महिने राबलेले सहकारी आत चढून बसले. पहिल्या उड्डाणात वजन कमीत कमी हवं, हे सिकोर्स्कींना पक्कं माहीत होतं. इंजिनं जुनी आणि कमी ताकदीची होती, तेही माहीत होतं. पण ज्यांनी पगाराची वाट न बघता काम केलं त्यांना खाली उतरा कसं म्हणायचं? ते बोलू शकले नाहीत. विमान उठलं, पण वर जाईना. शेवटी ते गोल्फच्या मैदानावर उतरवताना मोडलं. माणसं वाचली. विमान पुन्हा बांधलं आणि नंतर ते छान उडालंही.

दोन वर्षांनी घडलं ते मात्र परत जोडता येणारं नव्हतं. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५,००० डॉलर्सचं ऑर्टेग बक्षीस जाहीर झालेलं होतं. फ्रान्सचा नामांकित लढाऊ पायलट रेने फाँक याच्यासाठी सिकोर्स्कींनी एस-३५ हे तीन इंजिनांचं विमान बांधलं. सिकोर्स्कींना अजून चाचण्या हव्या होत्या. पूर्ण वजन भरून विमान एकदाही उडवून पाहिलेलं नव्हतं. पण स्पर्धा सुरू होती, हवामान बदलायच्या आत निघायचं होतं, आणि पैसे लावणाऱ्यांना थांबायचं नव्हतं.

२१ सप्टेंबर १९२६ च्या पहाटे इंधनाने काठोकाठ भरलेलं ते विमान रूझवेल्ट फील्डवरून धावलं. ते जमीन सोडू शकलं नाही. धावपट्टीच्या टोकाहून खाली गेलं आणि पेटलं. चौघांपैकी दोघांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी चार्ल्स लिंडबर्ग यांनी एका इंजिनाच्या विमानातून एकट्याने तो पल्ला पार केला.

या दोन्ही अपघातांत आधी काय बिघडलं? पुरेशी माहिती असलेला माणूस तिथे हजर होता. पण आज नको, असं ठामपणे सांगून ते उड्डाण थांबवणारं कुणी नव्हतं.

आठ महिने दाव्याला

पुढची दहा-बारा वर्षं सिकोर्स्कींची विमानं पाण्यावर उतरणारी होती. पॅन अमेरिकन कंपनीसाठी त्यांनी बांधलेल्या फ्लाइंग बोट्स गाजल्या. पण १९३८ च्या सुमारास त्या धंद्याला ओहोटी लागली. मूळ कंपनी युनायटेड एअरक्राफ्टने सिकोर्स्कींचा विभाग गुंडाळायचं ठरवलं. तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं: आपली माणसं सोबत ठेवून हेलिकॉप्टरवर काम करू द्या. कंपनीने होकार दिला.

तोपर्यंत जर्मनीत दोन रोटरचं फोके-वुल्फ एफडब्ल्यू-६१ उडालेलं होतं. सिकोर्स्कींची वाट वेगळी होती. वर एकच मोठा रोटर आणि शेपटीवर छोटा. असं मशीन हवेत कसं वागेल आणि कसं सांभाळायचं, हे शिकवणारं तेव्हा कुणीच नव्हतं.

मशीनचं नाव होतं व्हीएस-३००. ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन, लोखंडी नळ्यांचा उघडा सांगाडा आणि पुढे एकच सीट. १४ सप्टेंबर १९३९ ला कनेक्टिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्ड इथे पन्नास वर्षांचे सिकोर्स्की डोक्यावर नेहमीची फेल्ट हॅट घालून त्या सीटवर बसले. मशीन काही सेकंदांसाठी जमिनीवरून उचललं गेलं.

आणि इथेच ते दोर येतात. मशीनला दोरांनी वजनं बांधलेली होती. अवखळ जनावराला मोकळं सोडण्याआधी दाव्याला बांधतात, त्यातलाच प्रकार. मशीन भरकटायला लागलं की दोर ताणला जायचा आणि तिथेच अडवायचा. पायलट चुकला तरी चूक काही फुटांच्या पलीकडे जात नव्हती. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर आज जे काम करतो, त्यातलं निम्मं काम तो दोर करत होता. चूक होऊ द्यायची, पण तिला मोठं होऊ द्यायचं नाही.

उरलेलं निम्मं काम, म्हणजे का चुकलं ते सांगणं, हे दोराला जमत नाही. ते पुन्हा सिकोर्स्कींनाच करावं लागलं. थोडं उडायचं, उतरायचं, बदल करायचा, परत उडायचं. डिसेंबर १९३९ मध्ये वाऱ्याच्या झोताने मशीन कलंडलं आणि मोडलं. मग आराखडाच बदलला. मुख्य रोटरचा सायक्लिक कंट्रोल नीट चालेना, म्हणून तो काढून शेपटीकडे एकाऐवजी तीन छोटे रोटर लावले. या अवतारात मशीन मागे जायचं, बाजूला जायचं, पण पुढे जायचं म्हटलं की नखरे करायचं.

दोर सोडून मोकळं उड्डाण झालं ते १३ मे १९४० ला. म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर तब्बल आठ महिन्यांनी. त्यानंतरही बदल चालूच राहिले. ६ मे १९४१ ला व्हीएस-३०० ने १ तास ३२ मिनिटं हवेत राहून जर्मन हेलिकॉप्टरचा विक्रम मोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस सायक्लिक परत आला, यावेळी नीट चालणारा.

एस-२९-ए च्या वेळी ज्याच्या तोंडातून नाही निघालं नाही आणि एस-३५ च्या वेळी ज्याचं ऐकलं गेलं नाही, तोच हा माणूस. पण आता त्याला कसलीच घाई नव्हती.

दुसरी सीट आली

आता पुढचा प्रश्न. एक माणूस शिकला, पण दुसऱ्याला शिकवायचं कसं? व्हीएस-३०० ला सीट एकच. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराचे कॅप्टन फ्रँकलिन ग्रेगरी यांनी ते उडवून पाहिलं. विमान आणि ऑटोजायरो या दोन्हींचा त्यांना अनुभव होता, तरी सुरुवातीला मशीनने त्यांनाही चांगलंच नाचवलं. कंपनीचे टेस्ट पायलट लेस मॉरिस यांनाही त्या एकट्या सीटवरच शिकावं लागलं. शिकवणारा खाली जमिनीवर, शिकणारा वर एकटा. हात धरून शिकवायची सोयच नव्हती.

हे चित्र बदललं एक्सआर-४ मुळे. १४ जानेवारी १९४२ ला मॉरिस यांनी ते पहिल्यांदा उडवलं. बंद केबिन, शेजारी-शेजारी दोन सीट आणि दोघांनाही कंट्रोल्स. त्याच वर्षी मे महिन्यात मॉरिस यांनी ते स्ट्रॅटफर्डहून ओहायोतल्या राइट फील्डला नेलं. ७६१ मैल, म्हणजे साधारण १,२२५ किलोमीटर. पाच दिवसांचा प्रवास, त्यातले सोळा तास हवेत. तिथे स्वागताला खुद्द ऑरव्हिल राइट हजर होते.

यातूनच तयार झालेलं आर-४ हे मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं अमेरिकी हेलिकॉप्टर. आणि त्याबरोबर पायलट शिकवण्याची शाळाही उभी राहिली. १९४३ च्या अखेरीस अमेरिकेच्या कोस्ट गार्डने ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट फील्डवर हेलिकॉप्टर पायलटचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यामागे होते फ्रँक एरिक्सन. हलत्या जहाजावर उतरायचं शिकवण्यासाठी त्यांनी डेकसारखा डुलणारा प्लॅटफॉर्म बनवून घेतला. समुद्रात चूक करण्याआधी जमिनीवर करून घ्या, असा त्याचा साधा अर्थ.

३ जानेवारी १९४४ ला न्यूयॉर्कजवळ टर्नर या युद्धनौकेवर स्फोट झाला. बर्फाच्या वादळात बाकी विमानं उडू शकत नव्हती. एरिक्सन यांनी सिकोर्स्कींच्या हेलिकॉप्टरमधून जखमींसाठी रक्ताचा प्लाझ्मा पोहोचवला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची सुरुवात आपल्याकडच्या आसाममधली. लालाघाटच्या तळावर असलेल्या अमेरिकी तुकडीतले लेफ्टनंट कार्टर हार्मन आर-४ घेऊन बर्मात गेले. जपानी फौजांच्या पिछाडीला एक छोटं विमान पडलं होतं. त्याचा पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले होते. आर-४ मध्ये एका वेळी एकच माणूस बसायचा. हार्मन यांनी चार खेपा करून चौघांनाही बाहेर काढलं. युद्धात हेलिकॉप्टरने माणसं वाचवल्याची ही पहिली घटना मानली जाते.

आर-४ ची एक खूण आजही शिल्लक असल्याचं सांगितलं जातं. विमानाचा कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, हेलिकॉप्टरचा मात्र बहुतेक वेळा उजव्या. वजन वाचवायला आर-४ मध्ये दोन सीटच्या मधोमध एकच कलेक्टिव्ह ठेवला होता. इन्स्ट्रक्टर विमानाच्या सवयीप्रमाणे डावीकडे बसायचे, विद्यार्थी उजवीकडे. विद्यार्थ्यांचे हात त्याच बाजूला तयार झाले आणि पुढे तीच पद्धत पडली. म्हणजे हेलिकॉप्टरचा पायलट आज जिथे बसतो, ती मुळात विद्यार्थ्याची जागा.

इन्स्ट्रक्टर आहे, तरी अपघात का?

प्रशिक्षणातले अपघात दुसरी सीट आल्यावरही थांबले नाहीत. हेलिकॉप्टर जमिनीजवळ शिकवलं जातं आणि तिथे सावरायला उंचीही नसते, वेळही नसतो. एक स्किड जमिनीत अडकली आणि विद्यार्थ्याने कलेक्टिव्ह ओढला, तर हेलिकॉप्टर त्या स्किडभोवती क्षणात उलटतं. इंजिन बंद पडल्यासारखं करून उतरण्याचा सराव, म्हणजे ऑटोरोटेशन, करताना छोट्या हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्ह खाली घ्यायला एक-दोन सेकंदच मिळतात.

इन्स्ट्रक्टरची खरी परीक्षा तिथे असते. लवकर हात घातला तर विद्यार्थी शिकत नाही. उशीर केला तर दोघंही जातात. म्हणून कंट्रोल कुणाकडे आहे हे तोंडाने बोलून, समोरच्याकडून परत वदवून घ्यायची पद्धत आहे. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने धरलंय, तर प्रत्यक्षात कुणीच धरलेलं नसतं.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने रॉबिन्सन आर-२२ आणि आर-४४ या हेलिकॉप्टरसाठी खास नियम आणला. मुख्य रोटरचा ताबा सुटून झालेले अपघात त्यामागे होते. त्यानुसार शिकणाऱ्याला आधी या धोक्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं, आणि शिकवणाऱ्यालाही त्याच जातीच्या मशीनचा ठरावीक अनुभव लागतो. नुसतं इन्स्ट्रक्टरचं लायसन्स तिथे पुरत नाही.

सिकोर्स्की १९५७ साली निवृत्त झाले, पण सल्लागार म्हणून ऑफिसला जात राहिले. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी कनेक्टिकटमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर त्यांची हेलिकॉप्टर्स जगभर पोहोचली होती. १९५४ मध्ये भारतीय हवाई दलात आलेलं पहिलं हेलिकॉप्टर सिकोर्स्की एस-५५ होतं. मुंबईकरांनी वर्षानुवर्षं आकाशात पाहिलेलं नौदलाचं सी किंगही मूळ सिकोर्स्कींच्याच कंपनीच्या डिझाइनवरचं, ब्रिटनच्या वेस्टलँडने बनवलेलं. आणि आपल्या नाशिकमध्ये लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे तरुण अधिकारी आजही हॉवरपासूनच सुरुवात करतात.

त्यामुळे प्रशिक्षणातल्या अपघाताची बातमी आली की पायलटची चूक एवढ्यावर स्क्रोल करून पुढे जाऊ नका. विद्यार्थी चुकणारच, तो त्यासाठीच तर आलेला असतो. विचारायचं ते हे की कंट्रोल कुणाच्या हातात होता, सावरायला उंची किती होती, त्या हवेत उडायला परवानगी कुणी दिली, आणि आज नको म्हणायचा अधिकार असलेल्या माणसाला तसं म्हणता आलं का?